लिटरवर सबसिडी नसते

थंडीची चाहूल लागली की फैजपूरच्या गल्लीगल्लीत एकच सल्ला फिरतो : "सोलर बंब बसवून टाका, सरकार अठ्ठ्याहत्तर हजार देतंय!" समजावून समजावून तोंड दुखलं, म्हणून आता लिहूनच टाकतो.

गैरसमज : सोलर बंबावर ७८,००० रुपये मिळतात.

वस्तुस्थिती : एक रुपयाही मिळत नाही. आकडा खरा आहे, पण तो 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने'चा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ही योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे : १ किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,०००. पाणी तापवणाऱ्या सोलरलाही केंद्राची सबसिडी होती, पण ती २०१४ मध्येच बंद झाली. तरीही 'सबसिडी वजा जाता' अशी ओळ एखाद्या कोटेशनवर दिसतेच. ती दुकानदाराची सूट असेल तर आनंद आहे. सरकारचा तिच्याशी संबंध नाही. योजनेचे पैसे पॅनेल बसून महावितरणची तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येतात.

ओळखायची खूण सोपी आहे. कोटेशनवर किलोवॅट लिहिलंय की लिटर, एवढं बघा. लिटर असेल तर योजना विसरा.

यावर हमखास येणारं उत्तर : "मग पॅनेलच घेतो अन् गिझर लावतो." आधी हिशेब करा. चौघांच्या अंघोळीचं १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला साधारण ३ युनिट लागतात. ३ किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी १२ युनिट देतं आणि पंचवीस-तीस चौरस मीटर छत अडवतं; १०० लिटरच्या सोलरला दोनेक चौरस मीटर पुरतात. कूलर, फ्रीज, मोटर यांचं बिल मोठं असेल तर पॅनेल जरूर घ्या. नुसत्या गरम पाण्यासाठी घेणं म्हणजे बादलीभर पाण्यासाठी विहीर खोदणं. सबसिडी मोठी दिसते म्हणून गरज मोठी होत नाही, हे कितीदा सांगायचं?

आता बाकीचे, थोडक्यात.

"खान्देशात कशाला हवं गरम पाणी?" मे महिन्यात नकोच. पण डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की केळीच्या बागेत रात्री धूर करावा लागतो, हे यावल-रावेरच्या माणसाला मी काय सांगू?

"बोअरच्या क्षारी पाण्यावर सोलर चालत नाही." चालतो. तांब्याच्या बारीक नळ्यांचा असेल तर क्षार साचून तुंबतो. काचेच्या नळ्यांचा तुलनेने बरा, वर्षातून एकदा साफ करावा लागतो.

"धाब्याच्या घरावरही बसतो." २०० लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच २०० किलोचं असतं. आधी गवंड्याला विचारा.

"जळणावरचा बंब फुकटात पडतो." घरच्या तुराट्या-पऱ्हाट्या असतील तर खरंच पडतो. पण ठिबकच्या जुन्या नळ्या त्यात कोंबू नका. पाणी लवकर तापतं, मान्य. तो विषारी काळा धूर मात्र शेजारच्या पोराच्या छातीत जातो.