पाच टनांची गाडी

बार्शी लाइट या छोट्या रेल्वेचं सगळं गणित एका आकड्यावर उभं होतं. एका एक्सलवर पाच टन. इंजिन असो, मालडबा असो की प्रवाशांचा डबा, कुठल्याच एक्सलने रुळावर यापेक्षा जास्त भार टाकायचा नाही. हा नियम घातला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने. तो आधी जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. मुंबई–मद्रास मार्गावर ‘बार्शी रोड’ नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आजचं कुर्डुवाडी. तिथून बार्शीची पेठ बावीस मैलांवर, आणि मधला सगळा माल बैलगाडीने. एवढ्या मालावर मोठ्या रेल्वेचा खर्च निघणार नाही आणि गाडीवाटेवर व्यापार वाढणार नाही, असा तो पेच होता. कॅलथ्रॉपने 1895 मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली आणि अडीच फुटी रुळांवरची गाडी 1897 मध्ये बार्शीत आणली.

रूळ किती हलके? यार्डाला तीस पौंड, म्हणजे मीटरला पंधरा किलोच्या आत. आज आपल्या मोठ्या लाइनवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो. हलक्या रुळावर जड माल न्यायचा तर भार वाटून घ्यायला हवा. म्हणून कॅलथ्रॉपच्या पहिल्या इंजिनांना आठ जोडलेली चाकं आणि मागे आणखी चार होती. सहा एक्सल, एकूण वजन जेमतेम तीस टन. मालडब्याला चार एक्सल, म्हणजे भरून वीस टन. डब्याचं स्वतःचं वजन जितकं कमी, तितकी ज्वारी-कापूस जास्त, म्हणून सांगाडे दाबीव पोलादाचे. हे सगळं सामान इकडे धाडण्याआधी इंग्लंडात लीड्सजवळ प्रायोगिक रूळ टाकून पाहिलं होतं. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारण्याची हवाई छत्री तयार केली आणि तिला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं. वजन आणि तोल यांचा नाद काही त्याला सुटला नाही.)

1906 मध्ये गाडी पंढरपूरला गेली आणि त्याच सुमारास दुसरा फाटा बार्शीहून निजामाच्या मुलखात शिरला, तडवळ्यापर्यंत. 1911 मध्ये लातूर. 1927 मध्ये पंढरपूरहून मिरज. सगळी मिळून लाइन सव्वातीनशे किलोमीटरची झाली. आमच्या जिल्ह्यातून ती गेली खरी, पण जिल्ह्याच्या गावाला मात्र शिवली नाही. धाराशिवच्या माणसाला रेल्वे धरायची तर येडशीला जावं लागे, वीसेक किलोमीटर. लहानपणी मला वाटे, सगळ्याच जिल्ह्यांचं असं असतं.

मी जी बार्शी लाइट जवळून पाहिली ती सत्तरच्या दशकातली. कंपनी केव्हाच गेली होती. 1 जानेवारी 1954 पासून लाइन सरकारची झाली होती. इंजिनांमागे आता कोळसा-पाण्याचं वेगळं टेंडर होतं, चाकांची मांडणी दोन-आठ-दोन. पण हिशोब तोच, पाच टनांचा. आमचे एक मामा कुर्डुवाडीला फायरमन होते, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत शेडच्या कडेला उभं राहायची मुभा मिळे. इंजिनावर चढायची नाही. ती मामांनी कधीच दिली नाही.

वाफेचं इंजिन चावी फिरवून सुरू होत नाही, हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. गार इंजिनाला कामावर घ्यायला अर्धी रात्र जाते. मामा आधी पाणी पाहत. बॉयलरच्या पाठीवर काचेची उभी नळी असते, तिच्यात पाणी दिसलं नाही तर काडी लावायची नाही. मग भट्टीत लाकडं, तेलाने माखलेल्या चिंध्या, आणि शेजारी एखादं तापलेलं इंजिन असेल तर त्याच्या भट्टीतले दोन फावडी निखारे. पहिला तासभर नुसता धूर, पिवळट आणि घुसमटवणारा. पाणी सावकाश तापवायचं, कारण पत्रा आणि नळ्या एकदम तापल्या की सांधे गळू लागतात. घाई करणाऱ्या नव्या पोराला मामा म्हणत, “लेकरा, तिला उठू दे आधी.” इंजिन त्यांच्या बोलण्यात नेहमी बाईच असे.

या कामात मला सगळ्यात जास्त रस वाटला तो जाळ राखण्यात. फावडंभर कोळसा भिरकावला की झालं, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात जाळ पातळ आणि सारखा ठेवायचा असतो. थोडं थोडं, वरचेवर, आणि प्रत्येक फावडं ठरलेल्या जागी. एक दाराखालच्या कोपऱ्यात, एक डाव्या भिंतीलगत, एक उजव्या, मग पुढे. मध्यभागी आपोआप घरंगळून जातं. दार उघडं राहिलं तर गार हवा आत शिरून नळ्यांवर आदळते, म्हणून उघड, टाक, बंद. जाळात कुठे भोक पडलं की तिथूनही गार हवा वर येते आणि काटा उतरायला लागतो. धुराड्यातून काळा लोट निघाला की प्रवासी पोरं खूश होत आणि मामांचा चेहरा उतरे. काळा धूर म्हणजे न जळता गेलेला कोळसा. चित्रातल्या आगगाडीला सगळे काळा धूर काढतात, पण चांगल्या फायरमनच्या इंजिनाचा धूर दिसतो न दिसतो असा असतो.

हे कसब पणाला लागे ते पांगरीच्या पुढे. बार्शीकडून येणारी गाडी तिथून बालाघाटाची चढण चढू लागे आणि रामलिंगच्या झाडीतून वळसे घेत येडशीच्या माथ्यावर येई. मी पहिल्या डब्याच्या खिडकीत कान लावून बसे. इंजिनाच्या चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे निघतात, दोन सिलिंडरचे दोन-दोन. सपाटीवर ते एकमेकांत मिसळतात, चढणीवर सुटे होतात, आणि घाटाच्या मध्यावर मोजता येतील इतके सावकाश होतात. मग अचानक चारच्या जागी दहा-बारा फुसकारे भर्रकन सुटत आणि गाडी जागच्या जागी कापल्यासारखी होई. चाकं घसरली. इथे पाच टनांचा नियम उलटा येई. रुळावर भार कमी, म्हणजे चाकाची पकडही कमी. पावसाळ्यात रुळावर ओला पाला पडला की विचारूच नका. ड्रायव्हर वाफ तोडे, चाकांपुढे वाळू सोडे आणि पुन्हा हळूच वाफ देई. दोघे कामगार त्या वेळी एक शब्द बोलत नसत, असं मामा सांगत. ड्रायव्हरचा हात रेग्युलेटरवर, फायरमनचा डोळा पाण्याच्या काचेवर.

काचेवर का, हे कळायला मला बराच वेळ लागला. चढणीवर इंजिनाचं तोंड वर असतं, बॉयलरमधलं पाणी मागे भट्टीच्या बाजूला सरकतं, आणि काचेत ते भरपूर दिसतं. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे जातं आणि भट्टीचं छत उघडं पडू शकतं. खाली धगधगता जाळ, वर पाणी नाही, म्हणजे पत्रा मऊ पडतो. त्यासाठी छतात शिशाचा ठोकळा बसवलेला असतो. तो वितळला की वाफ भट्टीत घुसून जाळ विझतो, बॉयलर वाचतो, फायरमनची नोकरी मात्र धोक्यात येते. म्हणून माथ्याच्या आधीच, चढण चालू असताना, इंजेक्टरने पाणी भरून घ्यायचं. पण गार पाणी आत गेलं की वाफ उतरते, आणि वाफ तर चढणीलाच हवी! हा तिढा प्रत्येक फेरीला नव्याने सोडवायचा. डबे किती, कोळसा कसला आला आहे, पाऊस आहे की ऊन, यावर उत्तर दरवेळी वेगळं.

पाण्याचा दुसरा जाच शेडमध्ये दिसे. आपलं विहिरीचं पाणी जड, क्षाराचं. ते आटून बॉयलरच्या आत थर धरतं आणि थर धरला की कोळसा जास्त लागतो. ठराविक दिवसांनी बॉयलर गार करून, बुचं काढून, सळया आणि पाण्याचा मारा घालून तो थर काढत. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे पांढरे तुकडे खाली पडत. खलाशी ते पाट्यांनी उचलून टाकत. बहुतेकांचे पाय राखेने आणि पाण्याने कायमचे भेगाळलेले होते. वाफेच्या गाडीच्या आठवणी काढणाऱ्यांना शिट्टी आठवते, हे पाय फारसे आठवत नाहीत.

1972 चा दुष्काळ याच दशकातला. आम्ही घरी मिलो ज्वारीची लालसर भाकरी खात होतो आणि रस्त्याच्या कामांवर सुकडी वाटली जात होती. त्या उन्हाळ्यात इंजिनाला पाणी घेताना जो नळ लोंबे, त्याच्या ठिपकणाऱ्या धारेखाली बाया घागरी लावून बसत. इंजिन एका भरण्यात किती पाणी पितं हे त्यांना दिसत होतं. कुणी काही बोलत नसे. ड्रायव्हर नळ बंद करायला जरा उशीर लावी, एवढंच.

पुढे डिझेल आलं, आणि मग ती अडीच फुटी लाइनच गेली. नव्या शतकाच्या सुरुवातीला कुर्डुवाडी–पंढरपूर मोठी झाली, 2007 मध्ये लातूर ते धाराशिव, 2008 मध्ये धाराशिव ते कुर्डुवाडी. मोठी लाइन टाकताना मार्ग वळवून जिल्ह्याच्या गावाला एकदाचं स्टेशन मिळालं. मुंबईची गाडी आता रात्री दारातून जाते. याबद्दल हळहळणारा धाराशिवकर मला भेटलेला नाही, आणि मीही हळहळत नाही. गोणीभर सामान घेऊन येडशीचा फलाट गाठणं ज्यांनी केलं आहे, त्यांना जुन्या गाडीच्या प्रेमाचे धडे कुणी देऊ नयेत.

तरी वारसा म्हणून नेमकं काय ठेवायचं, हा प्रश्न उरतो. साधारण आपल्या तडवळ्याच्या फाट्याबरोबरच, 1907 मध्ये, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळ–माथेरान गाडी सुरू केली. ती टिकली, कारण तिला सहलीची गिऱ्हाइकं होती. तिच्या डब्यांची दुरुस्ती आजही आपल्या कुर्डुवाडीच्या कारखान्यात होते. बार्शी लाइटचं हे एक जिवंत टोक. पण माथेरानला आता वाफेचं रूप दिलेलं जे इंजिन आहे, त्याच्या पोटात डिझेल आहे. दिसतं छान. फक्त त्यात फायरमन नाही, आणि माझ्या मते मग वाफेचं काहीच नाही. दार्जिलिंगला अजून खरी भट्टी पेटते. तिथे फावडं कसं टाकायचं हे एक माणूस दुसऱ्याला शिकवतो आहे. चौथऱ्यावर रंगवून ठेवलेल्या इंजिनाला ते जमत नाही.

धाराशिव जिल्ह्यात पुन्हा भट्टी पेटेल असं मला वाटत नाही. दुसरं एक मात्र होऊ शकतं. कॅलथ्रॉपनेच इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये बार्शीच्या नमुन्यावर एक छोटी लाइन बांधली होती, लीक अँड मॅनिफोल्ड. ती 1904 ते 1934, तीसच वर्षं चालली. रूळ काढल्यावर 1937 मध्ये तिथल्या काउंटी कौन्सिलने त्या वाटेचा पायरस्ता केला, आणि तो अजून चालता आहे. आपली बार्शी लाइट तिच्या तिपटीहून जास्त जगली. रामलिंगच्या अभयारण्यातली तिची सोडून दिलेली वाट आजही पायाखाली ओळखू येते. डोंगराला बिलगून जाणारं वळण, आणि चढ इतका बेताचा की चालताना दम लागत नाही. रुळाला झेपेल तेवढाच भार, इंजिनाला ओढवेल तेवढाच चढ, हा हिशोब मातीत तसाच राहिला आहे. वन खात्याने आणि रेल्वेने मनावर घेतलं तर श्रावणात रामलिंगला येणारी माणसं या वाटेने चालत येडशीपर्यंत जातील. फार खर्चाचं काम नाही. आधी मोऱ्यांची दगडी बांधकामं एखाद्या जाणत्या गवंड्याकडून तपासून घ्यावी लागतील, आणि बाभळी तोडाव्या लागतील.