इंजिन बसले, पण गाडी चालेल काय?

जुन्या जीपवर आपल्याकडे कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. आठवडी बाजाराची माणसे, भाजीच्या पाट्या, लग्नाचे वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सारे या गाडीने वाहिले. अशा गाडीचे इंजिन एके दिवशी कायमचे बसते. नव्याला पैसा नसतो. मग कोणीतरी सांगते, "भंगारात दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन मिळेल, मिस्त्री बसवून देईल." घरातली पै-पै त्यात जाते. इंजिन बसते, पहिल्या झटक्यात सुरूही होते. आणि महिन्याभरात क्लच घसरू लागतो, शाफ्ट हादरतो, चालता चालता गियर निसटतो. लोक इंजिनाला शिव्या देतात. आमचे म्हणणे असे, की बहुतेक वेळा दोष इंजिनात नसून सांध्यांत असतो.

सुट्या भागांची अदलाबदल करणे हे काही हलके काम नव्हे. खुद्द जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीलाही ही अडचण आली होती. जुन्या इंजिनाच्या जागी तिने जास्त ताकदीचे 'हरिकेन' इंजिन घेतले, पण ते उंचीला अधिक होते. बॉनेट बंद होईना! म्हणून १९५३ साली आलेल्या सीजे-३बी या जीपला उंच बॉनेट द्यावे लागले. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली होती, आणि पुढे हीच उंच कपाळाची जीप आपल्या गावोगावी ओळखीची झाली. कंपनीने गाडीचा चेहरा बदलला, कारण तिने आधी माप घेतले होते. आपल्याकडे मात्र पुष्कळदा आधी कटर चालतो आणि माप नंतर निघते.

ताकदीची वाट

इंजिनाची ताकद चाकापर्यंत एका ठरलेल्या वाटेने जाते. फ्लायव्हील, क्लच, गियरबॉक्स, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्स्फर केस, तेथून लांब शाफ्ट, शाफ्टच्या टोकांचे क्रॉस, मग क्राउन-पिनियन आणि शेवटी चाक. या वाटेवर एक जरी सांधा चुकला तरी बाकीचे सारे भाग झिजू लागतात. म्हणून आमचा पहिला सल्ला हा, की हिशेब चाकाकडून सुरू करा. इंजिन सर्वांत शेवटी निवडा.

उदाहरण घेऊ. जुन्या पेट्रोल जीपच्या क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८ दात असत. म्हणजे शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. या जीपचे चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जाते. आता कोणी मिनिटाला २२०० फेऱ्यांवर थांबणारे ट्रॅक्टरचे इंजिन यात घातले, तर टॉप गियरमध्ये गाडी ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास अडकेल. इंजिन निरोगी, गियरबॉक्स निरोगी, तरी मालक म्हणणार, "गाडी पळत नाही." त्याच इंजिनामागे ४७ आणि ११ दातांचा, म्हणजे ४.२७ चा जोड असेल, तर तीच गाडी ७० च्या जवळ जाईल. पण चढावर ओढ तेवढी कमी होईल. घाटात माल ओढायचा की सपाट रस्त्यावर धावायचे, हे मालकाने आधी ठरवावे.

येथे एक धोका आहे. मागचा जोड बदलला आणि पुढचा तसाच ठेवला, तर काय होते? मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असेल, तर फोर-व्हीलचा दांडा टाकल्यावर दर किलोमीटरला पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे १०० मीटरची ओढाताण होते. चिखलात चाके घसरून ती निभावतात. पक्क्या रस्त्यावर मात्र शाफ्ट किंवा गियर तुटल्यावाचून राहत नाही. जोड बदलायचे तर पुढचे-मागचे दोन्ही बदला. क्राउन आणि पिनियन हे जोडीनेच घ्यावेत. एकाचा क्राउन, दुसऱ्याचा पिनियन असा संसार टिकत नाही. शिम घालून दोघांमधली फट जुळवावी, दातांना रंग लावून घास कोठे पडतो ते पाहावे, मगच झाकण लावावे.

इंजिन आणि गियरबॉक्सचा सांधा

परक्या इंजिनाची बोल्टाची भोके आपल्या गियरबॉक्सशी जुळत नाहीत. त्यासाठी मध्ये जाड पट्टीची अडॅप्टर प्लेट करावी लागते. पण नुसती भोके जुळली म्हणजे काम झाले असे नव्हे. क्रँकचा मध्य आणि गियरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत हवा. तेथे पाच-दहा थाउच्या फरकालाही महत्त्व असते. बोल्ट फक्त आवळून धरतात. जागा पक्की करतात त्या डॉवेल पिना, म्हणून त्या कधीही काढून फेकू नयेत. क्रँकवर डायल गेज बांधून हाउसिंगच्या भोकात तो एक फेरा फिरवला, की चूक लगेच डोळ्यांना दिसते.

प्लेट जितकी जाड, तितका गियरबॉक्सचा शाफ्ट मागे सरकतो. मग त्याचे टोक क्रँकमधल्या पायलट बुशापर्यंत पोचत नाही, शाफ्ट डुलतो आणि गियर निसटतो. यावर उपाय सोपा आहे. बाहेरून क्रँकच्या मापाचा आणि आतून शाफ्टच्या टोकाच्या मापाचा पितळी बुश टर्नरकडून करून घ्यावा, लांबी मोजून. क्लच प्लेटचेही तसेच. तिचा व्यास प्रेशर प्लेटशी जुळावा, आणि मधले दाते गियरबॉक्सच्या शाफ्टशी. जीपच्या जुन्या तीन-गियरच्या बॉक्सच्या शाफ्टला १० दाते असतात. शेवटी सेल्फचे दात रिंग गियरला पुरे लागतात की नाही, तेही पाहावे.

शाफ्ट का हादरतो?

सीजे-३बीच्या दोन अॅक्सलांत अंतर अवघे ८० इंच. त्यामुळे मागचा शाफ्ट आखूड असतो. समजा, त्याच्या दोन टोकांच्या उंचीत ६ इंचांचा फरक आहे. शाफ्ट २० इंचांचा असेल तर तिरपेपणा साडेसतरा अंश होतो. गियरबॉक्स ४ इंच लांब घेतला, शाफ्ट १६ इंच उरला, की तोच २२ अंशांवर जातो. तिरप्या क्रॉसमुळे शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद फिरतो. २२ अंशांवर हा फरक सात-आठ टक्के भरतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि दोन्ही काटे एका रेषेत असले, तर एक क्रॉस दुसऱ्याची चूक भरून काढतो. नसले, तर क्रॉस महिन्याला बदलावे लागतात.

शाफ्टचे माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यावे, जॅकवर लटकलेली असताना नव्हे. आणखी एक गोष्ट. या जुन्या जीपमध्ये ट्रान्स्फर केसमधून शाफ्ट मधोमध निघत नाहीत, एका बाजूने निघतात. म्हणून दुसऱ्या गाडीचा मधोमध फुगवटा असलेला मागचा अॅक्सल स्वस्तात मिळाला, तरी तो उचलून आणू नये.

इंजिनाचे फाउंडेशनही आधी कच्चे टाके मारून धरावे. रिकामा ब्लॉक टांगून गियरबॉक्स जोडावा. चेंबर पुढच्या अॅक्सलवर आदळत नाही ना, पंखा रेडिएटरला लागत नाही ना, हे पाटे दाबून पाहावे. मगच पक्के वेल्डिंग.

कागद आणि कुटुंब

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येही हेच बजावले. म्हणून इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओत लेखी विचारावे, परवानगी मिळाली तरच पुढे जावे. इंजिनाचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. चोरीचे इंजिन गळ्यात पडले, किंवा अपघातानंतर विम्याचा दावा अडला, तर भुर्दंड साऱ्या घराला बसतो.

म्हणून आम्ही घरच्या मंडळींनाही सांगू इच्छितो, की अॅडव्हान्स देण्याआधी मिस्त्रीला पाच प्रश्न विचारा. पुढचा-मागचा जोड किती? प्लेटची जाडी किती? पायलट बुश कोण करणार? शाफ्टचा कोन किती राहील? परवानगीचा कागद कोठे आहे? जाणता मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही, उलट वही काढतो.

आणि गॅरेजात काम शिकणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनो, पान्हा सर्वांच्या हाती असतो. तुम्ही पहिल्या पगारातून व्हर्नियर घ्या, एक वही घ्या, आणि उघडलेल्या प्रत्येक गाडीचे माप तिच्यात लिहून ठेवा. अंदाज वस्तादाबरोबर निघून जातो. लिहिलेले माप तुमच्यापाशी राहते, आणि त्याच्यावर उद्या तुमचे स्वतःचे गॅरेज उभे राहू शकते.