तुरीची रास झाली की मालवणला चला



आपल्या बहुतेकांच्या घरात एक वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहे. "पुढच्या वर्षी बघू." लेकीचे लग्न, बोअर, बैलजोडी, घराचा पत्रा या सगळ्यांची वेळ कधी ना कधी येते. पण "आई, तुला समुद्र दाखवतो" असे जे म्हटलेले असते, त्याची वेळ काही येत नाही. आई सत्तरीला टेकते, गुडघे कुरकुरू लागतात. मग एक दिवस तीच म्हणते, "आता कशाला रे बाबा, टीव्हीत बघितला की!"

या वर्षी ते वाक्य बाजूला ठेवा. शिरूर अनंतपाळच्या आसपासच्या शेतकरी कुटुंबाला झेपेल, कर्ज काढावे लागणार नाही आणि पोराबाळांना इतिहासही डोळ्यांनी पाहता येईल, अशी एक सहल आज तुमच्यापुढे मांडतो. ठिकाण आहे मालवण आणि त्याच्या समोर समुद्रात उभा असलेला सिंधुदुर्ग किल्ला.

गोवा का नाही, असे तरुण मंडळी विचारतील. गोवाही पाहण्यासारखाच आहे. पण मालवण आपल्याच राज्यात आहे, त्यामुळे एस.टी.च्या सवलती थेट तिथवर चालतात. २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट. आजी, आई, सून आणि दोन लेकरे असे कुटुंब निघाले तर एकट्या घरधन्यालाच पूर्ण तिकीट पडते! आधार कार्डे मात्र अस्सल बरोबर ठेवा आणि निघण्याआधी सवलतींचे नियम आगारात एकदा विचारून घ्या.

कधी जावे?

आपले पंचांग पिकाचे. सोयाबीन निघाले की हरभऱ्याची पेरणी, मग येळवस, मग तुरीची रास. तूर घरात आली आणि हरभरा अजून काढणीला आलेला नाही, असे जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे आठ-दहा दिवस मिळतात. तेच धरा. समुद्र तेव्हा शांत असतो, ऊन सोसवते, दिवाळी आणि नाताळातली गर्दीही ओसरलेली असते. ज्यांची ज्वारी हुरड्यात आहे, त्यांनी पाखरे राखायला माणूस ठरवूनच पाऊल उचलावे.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका. जूनपासून साधारण ऑगस्ट सरेपर्यंत समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मालवणजवळ आंगणेवाडीला भराडीदेवीची मोठी जत्रा याच सुमारास भरते. तिची तारीख पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरवतात. त्या दिवसांत राहायला खोली आणि एस.टी.त जागा मिळणे कठीण. म्हणून जत्रेची तारीख आधी विचारा, मग आपली ठरवा.

गुरांचे काय?

खरी अडचण पैशांची नसते, गोठ्याची असते. दोन म्हशी, एक गाय आणि शेळ्या सोडून आठ दिवस जायचे कसे? आपल्या बापजाद्यांनी यावर उपाय काढून ठेवला आहे. त्याचे नाव सावड. नांगरटीला, पेरणीला आपण सावड करतोच. तशीच सहलीची सावड करा. या वर्षी तुम्ही जा, शेजारी तुमचा गोठा बघेल. पुढच्या वर्षी तो जाईल, तुम्ही त्याचा बघा. निघण्याआधी चार दिवस त्याला धारेच्या वेळी बोलवा, म्हणजे म्हैस त्याच्या हाताला रुळेल. कडब्याच्या पेंढ्या मोजून काढून ठेवा, पेंड भिजवायचे माप दाखवा, पशुवैद्याचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा.

वाट कशी धरावी?

शिरूरहून लातूर, तिथून पंढरपूर, मग कोल्हापूर आणि घाट उतरून मालवण. एका दमात जाऊ नका, म्हातारी माणसे आणि लेकरे थकून जातात. पहिला मुक्काम पंढरपूरला करा. दुसऱ्या दिवशी सकाळी विठोबाचे दर्शन घेऊन कोल्हापूर गाठा. तिसऱ्या दिवशी पहाटे अंबाबाईचे दर्शन घ्या आणि दुपारपर्यंत मालवणची गाडी धरा. चौथा आणि पाचवा दिवस मालवणला ठेवा. सहाव्या दिवशी कोल्हापूर, सातव्या दिवशी घर. आजीला दोन तीर्थे घडतात आणि नातवंडांना समुद्र.

लातूरहून पंढरपूर, मिरजमार्गे कोल्हापूरला रेल्वेही जाते, पण आठवड्यातल्या मोजक्याच दिवशी. वार विचारून घ्या. जुन्या लोकांना या वाटेवरची बार्शी लाईट आठवत असेल. ती छोटी रेल्वे १९११ साली लातूरला पोचली. आता तिथे मोठा रूळ आहे. याच रुळावरून २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आयाबहिणींना ते दिवस सांगायला नकोत. रेल्वेने गेलात तर ही हकीकत लेकरांना गाडीतच सांगा. पुढे किल्ल्यात तिचा उपयोग होणार आहे.

कोल्हापूर ते मालवण चार-साडेचार तास लागतात. घाटात वळणे फार. ज्यांना गाडी लागते त्यांनी पोटभर जेवून बसू नये. आवळासुपारी किंवा आल्याचा तुकडा तोंडात धरावा आणि पुढच्या बाकावर बसावे.

किल्ला असा पाहा

मालवणच्या धक्क्यावरून होडीने दहा-पंधरा मिनिटांत किल्ला येतो. या बेटाचे नाव कुरटे. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि टोपीकर इंग्रज यांना समुद्रावर वचक बसावा म्हणून शिवाजी महाराजांनी ही जागा निवडली. नोव्हेंबर १६६४ मध्ये पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये काम पुरे झाले. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांवर होती. पायाचे दगड पक्के बसावेत म्हणून शिसे ओतले होते. बेट सुमारे ४८ एकरांचे. तुमच्या शिवारातल्या पाच-सहा शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र केल्या तर होईल एवढे. त्याभोवती सुमारे तीन किलोमीटरचा तट नागमोडी फिरवला आहे.

मुख्य दरवाजा तटात असा वळवून बसवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो ओळखू येत नाही. लेकरांना आधी सांगून ठेवा, "दरवाजा कुठे आहे ते शोधा." आत गेल्यावर दरवाजाजवळच्या छोट्या घुमट्यांत चुन्यात उमटलेला हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात. ते ठसे महाराजांचे, अशी श्रद्धा आहे. पुढे राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आहे. तिथल्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर नावाड्याची टोपी आहे. चित्रात पाहिलेल्या महाराजांपेक्षा हे रूप निराळे दिसते. क्षणभर उभे राहून नीट पाहा.

आणि मग विहिरींपाशी चला. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशी त्यांची नावे. चहूकडे खारट समुद्र आणि मधोमध गोड पाणी! आजही किल्ल्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडणारे हे पाणी आले कुठून?

बेटावरच्या विहिरींचे गणित असे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ते खाली खोलवर असलेल्या खाऱ्या पाण्यावर साय धरल्यासारखे तरंगत राहते. विहीर त्या सायीपुरतीच खोल असली आणि उपसा बेताने झाला, तर वर्षभर गोडे पाणी मिळते. हाव धरून उपसले की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर बिघडते. बेट एवढेसे असूनही चालते, कारण वापरणाऱ्यांना सायीची जाडी ठाऊक असते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या लातूरला आठशेच्या आसपास. त्यांच्यावर आभाळ उदार आहे हे खरेच. पण हजार फुटांची बोअर मारून पाणी शोधणाऱ्या आपल्यासारख्यांनी दूधबावीच्या काठावर घटकाभर टेकावे. रेल्वेत सांगितलेली पाण्याच्या गाडीची हकीकत लेकरांना इथे पुन्हा आठवून द्यावी. शाळेतला धडा विसरतील, हा विसरणार नाहीत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. सिंधुदुर्ग त्यातला एक. तेव्हा तटावर नावे कोरू नका आणि चिवड्याच्या पिशव्या तिथे टाकू नका. आपल्या पोरांनाही वेळीच अडवा.

होडीवाले किल्ला पाहायला साधारण तासाभराचा वेळ देतात. ज्या होडीने गेलात तिचे नाव ध्यानात ठेवा. होडीत चढता-उतरताना म्हाताऱ्या माणसांना दोन्ही बाजूंनी धरा.

समुद्राशी जपून

घरणीचे धरण पाहिलेल्या माणसाला वाटते, पाणी म्हणजे असेच, पलीकडचा काठ असलेले. समुद्राला तो काठ दिसत नाही. आपल्याकडची मुले विहिरीत सूर मारून पोहायला शिकतात आणि त्यांना वाटते, आपल्याला काय भीती! पण विहिरीचे पाणी जागेवर उभे असते. समुद्राचे पाणी पाय ओढून आत नेते. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोज ती साधारण पाऊण तास उशिराने येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. म्हणून स्थानिक कोळी-गाबितांना विचारल्याशिवाय पाण्यात शिरू नका. गुडघ्यापुढे जाऊ नका. होडीत बसल्यावर लाईफ जॅकेट अंगात घालाच. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्या पाहुण्याला तर हात धरून बाहेर काढा.

मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि त्यापुढे देवबाग, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. पाचवा दिवस तिकडे घालवा. नशिबात असेल तर सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना दिसेल. मोठे जाळे समुद्रात सोडायचे आणि वीस-पंचवीस माणसांनी दोन्ही टोकांनी दोर ओढून ते किनाऱ्यावर आणायचे. मासळी आली की तिचे वाटे पडतात. खळ्यावर बलुतेदारांचे वाटे पाहिलेल्या आपल्या आजोबांना ते लगेच ओळखीचे वाटेल. या लोकांचीही कमाई पावसाच्या आणि वाऱ्याच्या हाती असते. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि जाळे रिकामे आले तरी दोर सगळ्यांनीच ओढलेला असतो. त्यांच्याशी दोन शब्द बोला. शेतकऱ्याला शेतकरी भेटल्यासारखे होईल.

खर्च आणि शिदोरी

खर्चाच्या चार पिशव्या करा. एक तिकिटांची, एक मुक्कामाची, एक खाण्याची आणि एक अडीअडचणीची. चौथी पिशवी घरच्या लक्ष्मीच्या हाती द्या, ती सहजासहजी सुटत नाही. हे पैसे सावकाराकडून आणू नका. तूर विकली की त्यातले एक-दोन कट्टे सहलीच्या नावाने बाजूला काढा. नाहीच जमले तर पुढच्या सोयाबीनपासून सुरुवात करा, पण तारीख आजच वहीत लिहून ठेवा.

मालवणला घरगुती न्याहारी-निवासाच्या खोल्या मिळतात. आधी फोन करून भाव ठरवा, माणसे किती ते खरे सांगा. पहिल्या दोन दिवसांपुरत्या दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या. माळकरी मंडळींनी घाबरू नये. शाकाहारी ताटही मिळते, फक्त आधी सांगावे. भात आणि सोलकढी सगळ्यांनाच मानवते. जाड पांघरुणे नेऊ नका, तिकडची हवा दमट असते. सुती कपडे, डोक्याला रुमाल आणि रोजची औषधे पुरेशी आहेत. परतताना कोकम आणि गुळातला मालवणी खाजा आणा, आणि त्यातला पहिला वाटा गोठा सांभाळणाऱ्या शेजाऱ्याच्या घरी पोचवा.

एक शेवटची गोष्ट. आपल्या शिवारातले पाणी घरणीतून मांजरेला, मांजरेतून गोदावरीला आणि तिथून पूर्वेच्या समुद्राला जाते. आणि मृगात ज्या ढगांची आपण वाट पाहतो, ते या पश्चिमेच्या समुद्रावरून चढून येतात. जिच्या साऱ्या जन्माचे सुखदुःख त्या ढगांवर अवलंबून राहिले, त्या माउलीला ते ढग कुठून येतात हे एकदा दाखवायला नको का?

आजच आईजवळ बसा आणि तिला विचारा. ती "कशाला रे" म्हणेल. ते ऐकू नका. लातूरच्या आगारात जाऊन गाड्यांच्या वेळा लिहून आणा.