डीएनएस सर्व्हरचे लॉग: ढिगातून कामाचा मेसेज कसा काढायचा?

होस्टिंगचा किंवा आयटी सपोर्टचा छोटा व्यवसाय सुरू करायचाय? मग डीएनएस सर्व्हरच्या लॉगशी तुमची गाठ पडणारच. हा सर्व्हर वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगतो. तो बंद पडला, तर ग्राहकाची साइट चालू असूनही उघडत नाही.

बाइंड 9 चं उदाहरण घेऊ. आपण काही ठरवलं नाही, तर लिनक्सवर याचे मेसेज सिसलॉगमध्ये जातात, इतर प्रोग्रॅमच्या मेसेजबरोबर. त्यात 'लेम सर्व्हर'च्या ओळी भरपूर असतात. म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी सर्व्हरची सेटिंग चुकलेली असते. त्यात आपल्या हातात काही नसतं.

पण त्याच ढिगात 'झोन ट्रान्सफर फेल' अशी एक ओळ दडलेली असू शकते. याचा अर्थ, तुमच्या दुय्यम सर्व्हरला मुख्य सर्व्हरकडून ताजी माहिती मिळत नाहीये. जुन्या माहितीची मुदत साधारण 2 ते 4 आठवडे ठेवतात. ती संपली, की दुय्यम सर्व्हर त्या डोमेनचं उत्तर देणं थांबवतो. मग मुख्य सर्व्हर बंद पडला, तर आधाराला कुणीच नाही!

म्हणून सेटिंगच्या 'लॉगिंग' भागात एवढं करा:

1. 'लेम-सर्व्हर्स' कॅटेगरीला वेगळी फाइल द्या. 'नल' चॅनेलला पाठवलं, तर मेसेज कायमचे जातात.

2. 'एक्सफर-इन' (झोन ट्रान्सफर) आणि 'सिक्युरिटी' (नाकारलेल्या विनंत्या) यांना स्वतंत्र फाइल द्या. ही फाइल रोज सकाळी बघायचीच.

3. 'प्रिंट-टाइम' चालू करा. मेसेज कधीचा आहे, ते कळायला हवं ना!

4. 'साइझ' आणि 'व्हर्जन्स' ठरवा, नाहीतर लॉगनेच डिस्क भरेल.

बदल केल्यावर आधी 'नेम्ड-चेककॉन्फ' चालवा, मगच 'आरएनडीसी रीकॉन्फिग'.

आणि हो, जुन्या फाइली उडवू नका. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादारांनी लॉग 180 दिवस जपायचे असतात. व्हर्जन्सच्या मर्यादेत जुनी फाइल पुसली जाते, म्हणून त्याआधीच बॅकअप घ्या.

ग्राहकाचा फोन येण्याआधी अडचण आपल्याला कळली पाहिजे. तो पैसे देतो ते त्यासाठीच. आजच तुमच्या सर्व्हरवर दुसऱ्या नंबरची फाइल तयार करा!