साखर सोडली म्हणून गाठ विरत नाही

स्तनाच्या कॅन्सरचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: साखर बंद करा, गूळ खा, साखरेवर कॅन्सर पोसतो. बीडसारख्या जिल्ह्यात तरी हा सल्ला टिकू नये. दर हंगामाला इथली हजारो जोडपी कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. साखर आणि गूळ दोन्ही एकाच रसातून निघतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको. दोन्हींत मुख्यतः सुक्रोजच असते. गुळात थोडे लोह आणि क्षार जास्त, एवढाच फरक. पोटात गेल्यावर दोन्हींपासून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळते. ज्वारीच्या भाकरीतल्या स्टार्चचेही शेवटी ग्लुकोजच होते आणि कडक उपास केला तरी यकृत ते तयार करते, कारण मेंदूला ते लागतेच. त्यामुळे साखर तोडून गाठीला उपाशी मारण्याचा बेत शरीरच हाणून पाडते. उलट केमोथेरपी चालू असताना असे पथ्य करणाऱ्या बाईचे वजन आणि ताकद तेवढी घटते.

यावर पेट स्कॅनचा दाखला दिला जातो: किरणोत्सारी ग्लुकोज टोचले की गाठ उजळते. खरे आहे, कॅन्सरच्या पेशी जास्त ग्लुकोज ओढतात हे ऑटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकातच दाखवले. पण त्याच स्कॅनमध्ये निरोगी मेंदूही उजळतो. पेशी बेफाम वाढते म्हणून तिला इंधन जास्त लागते. इंधन मिळाले म्हणून ती कॅन्सरची होत नाही. मग गोड हवे तेवढे खावे का? मुळीच नाही. त्याने वजन वाढते, आणि पाळी गेल्यानंतर शरीरातली चरबी इस्ट्रोजेन बनवत राहते. त्या वयातला लठ्ठपणा हा स्तनाच्या कॅन्सरचा सिद्ध झालेला धोका आहे. साखर दोषी आहे ती या आडवाटेने, आणि त्या वाटेवर गूळही तितकाच दोषी. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सुचवलेली, शक्यतो 25 ग्रॅमच्या आत राहण्याची मर्यादा म्हणजे दिवसाला साधारण सहा चमचे. चहातला गूळही त्यातच मोजायचा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. आहारातल्या सोयाबीनने धोका वाढल्याचे माणसांवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. चहा-कॉफी निर्दोष आहे. दुधाविरुद्ध ठोस पुरावा नाही. दारूविरुद्ध मात्र आहे, आणि तिच्याबद्दलच कुणी बोलत नाही: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच तिला कॅन्सरकारक ठरवले. रोजच्या दर 10 ग्रॅम अल्कोहोलमागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो. वाइनलाही यातून सूट नाही.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या 2020च्या अहवालात स्त्रियांमधील कॅन्सरचा सर्वांत कमी दर उस्मानाबाद-बीडचा होता: लाखामागे 49.4. पण ज्या बाईला गाठ लागली तिला या आकड्याचा उपयोग नाही आणि गुळाचाही नाही. तिशी ओलांडलेल्या बायकांची स्तन तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. ती करून घ्या. गाठ दुखत नसली तरी महिनाभर वाट पाहू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.