एका हातानें जुळविलेलें एंजिन

वेगवान मोटारगाडीचें चित्र पाहून आमचे विद्यार्थी तिचा रंग व डौल यांची चर्चा तासन्‌तास करितात. परंतु त्या रंगीत पत्र्याखालीं जें एंजिन असतें तें कसें घडतें, याविषयीं त्यांस फारसें ठाऊक नसतें. म्हणून आज आम्ही एकाच एंजिनाची हकीकत सांगणार आहों. जपानांतील निस्सान कंपनीची जीटी-आर ही गाडी २००७ सालीं नव्या स्वरूपांत विक्रीस आली. तिचें हें एंजिन होय.

तत्त्व जुनेंच आहे. ऑटो या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं चार धावांचें जें एंजिन सिद्ध केलें, त्याच रीतीनें हेंही चालतें. दट्ट्या खालीं येतांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें; तो वर जातांना तें दाबलें जातें; ठिणगी पडतांच भडका होऊन दट्ट्या खालीं लोटला जातो; आणि पुन्हां वर येतांना तो जळका वायु बाहेर टाकितो. असे सहा दट्ट्ये सहा सिलिंडरांत, तीन एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस, तिरपे मांडलेले असतात.

आतां वेगाचा हिशेब पाहावा. एंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असतां प्रत्येक दट्ट्या ८८.४ मिलिमीटरांची वाट एका सेकंदांत दोनशें वेळां चालतो, आणि प्रत्येक टोंकाशीं थबकून उलट फिरतो. सहा सिलिंडरांत मिळून सेकंदाला तीनशें भडके उडतात. गणिताच्या वर्गांतील मुलांनीं ताळा करून पाहावा: दट्ट्याचा सरासरी वेग तासाला जवळजवळ ६४ किलोमीटर येतो!

साध्या एंजिनांत धुराबरोबर बरीच शक्ति वायां जाते. त्या धुराच्या झोतावर एक पंखा फिरवावा, व त्याच आंसावरील दुसऱ्या पंख्यानें ताजी हवा सिलिंडरांत कोंबावी, ही युक्ति आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरानें १९०५ सालीं पेटंट केली. जीटी-आरमध्यें असे दोन संच आहेत. त्यामुळें ३,७९९ घन सेंटिमीटरांच्या या एंजिनापासून प्रारंभीं ४८० व पुढें नेहमींच्या नमुन्यांत ५७० अश्वशक्ति मिळूं लागली. शक्ति वाढली तशी उष्णता व दाबही वाढला, आणि चुकीला जागा उरली नाहीं.

म्हणूनच या एंजिनाची जुळणी योकोहामा येथील कारखान्यांत एका निराळ्या, धूळविरहित खोलींत होत असे. खोलीचें उष्णतामान कायम राखीत. हा थाट कशासाठीं, असें कोणी विचारील. ॲल्युमिनियम तापलें कीं फुगतें. सिलिंडराचा व्यास ९५.५ मिलिमीटर आहे. दहा अंश सेंटिग्रेड उष्णता वाढली तर तो सुमारें ०.०२ मिलिमीटर वाढतो. माणसाचा केंस याहून तिप्पट-चौपट जाड असतो. पण फिरता दांडा व त्याचें बेअरिंग यांमधील फट, जिच्यांत तेलाचा पातळ थर राहून धातूला धातूचा स्पर्श होऊं देत नाहीं, तीच मुळीं मिलिमीटराच्या कांहीं शतांशांची! सकाळचें माप दुपारीं खोटें ठरलें तर जुळणी कशाची? सिलिंडरांतही बिडाच्या नळ्या न बसवितां वितळलेल्या लोखंडाचे कण फवारून सुमारें ०.१५ मिलिमीटरांचा लेप देत. त्यानें वजन घटतें व उष्णता लवकर बाहेर जाते.

प्रत्येक एंजिन आरंभापासून शेवटपर्यंत एकच कारागीर जुळवी. अशा निष्णात कारागिरास जपानी भाषेंत ‘ताकुमी’ म्हणतात. बोल्ट आवळणें कोणास सोपें वाटेल. परंतु एका कोंपऱ्याकडून आवळीत गेल्यास झांकण वांकडें बसतें. यास्तव मध्यापासून बाहेर, ठरलेल्या क्रमानें, जोर मोजणाऱ्या पान्यानें ते टप्प्याटप्प्यानें आवळावे लागतात. झडपांचें काम त्याहून नाजूक. झडप दाबणाऱ्या भागांमधील फटींत पातळ पट्टी सरकवून पाहावयाची, आणि ती किती अडखळते हें बोटांना कळलें पाहिजे. फट अधिक राहिली तर झडप खडखड वाजते; कमी पडली तर ती पुरती मिटत नाहीं, तापते व जळून जाते. हातानें काम करणाऱ्यास अशिक्षित समजण्याची कित्येक पालकांची रीत आहे. बोटांच्या टोंकांत इतकें शिक्षण सांठविलेल्या माणसास ते काय म्हणतील, कोण जाणे.

एंजिन एकदां मिटलें कीं आंतील चूक कोणासही दिसत नाहीं. ती दिसते रस्त्यावर, भरधांव वेगांत, आणि त्या वेळीं गाडींत माणसें बसलेलीं असतात. जुळणी ज्याची, त्याच्या नांवाची लहानशी पट्टी त्या एंजिनावर लावीत असत. गाडीच्या सर्व अलंकारांत आम्हांस हीच पट्टी अधिक मोलाची वाटते.

अठरा वर्षांत अशा सुमारें ४८,००० गाड्या निघाल्या, आणि त्यांचीं एंजिनें जुळविणारे ताकुमी एकंदर नऊच होते. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत तोचिगी येथील कारखान्यांतून शेवटची गाडी बाहेर पडली. ती जांभळ्या रंगाची होती, व तिच्या एंजिनावरही एका कारागिराचें नांव आहे.