बुधवारची गोळी

सकाळी ८.३५

शटर अर्धंच वर गेलंय. आतून झाडूचा आवाज. बुधवार म्हणजे डिचोलीचा बाजार. दुकानासमोर दोघी जणींनी तांबड्या भाजीच्या जुड्या मांडून जागा धरलेली आहे. फार्मसिस्टबाई मयेहून स्कूटरने आल्या. हेल्मेट काउंटरखाली गेलं, जेवणाचा डबा फ्रिजवर. फ्रिजमध्ये नाही. तो इन्सुलिनचा.

पहिलं काम तापमान लिहायचं. आतला थर्मामीटर ५ दाखवतो. वहीत तारीख, वेळ, ५. दोनच्या खाली आणि आठच्या वर जाता कामा नये. पावसाळ्यात वीज गेली की या वहीपायी रात्री झोप लागत नाही, म्हणतात.

दुकान बारा फूट बाय दहा. मागच्या भिंतीला दार, दारापलीकडे डॉक्टरांचा दवाखाना. सर्दी-तापापासून साखरेपर्यंत सगळं बघणारे डॉक्टर. दुकानाचा मालक तिसराच. भिंतीवर फॉर्म २० आणि २१ चे परवाने, गणपती, आणि बाईंचं नोंदणीचं प्रमाणपत्र, या क्रमाने. बाई शिकल्या पणजीला, गोवा कॉलेज ऑफ फार्मसीत. ते कॉलेज १९६३ सालचं. माहेर पेडण्याचं, कोरगावचं. पगार महिना २१,०००. पोऱ्याला १३,०००. पोऱ्या चलाख आहे, पण चिठ्ठीवरचं औषध बाईंच्या नजरेखालूनच जायला हवं. कायदाही तेच सांगतो.

९.१०

डॉक्टर आले. त्यांच्या आधी बाकावर नऊ जण.

बाईंची हत्यारं तीन. कात्री, काळा मार्कर, खाकी पाकिटांची चळत. पट्टी कापताना त्या आधी उलटी करून बघतात. बॅच आणि एक्सपायरी ज्या टोकाला छापलेली असते ते टोक दुकानात राहिलं पाहिजे. घाईत उलटं कापलं तर उरलेल्या सहा गोळ्या कधीच्या, हे कुणालाच सांगता येत नाही. त्या मग फेकायच्या.

पाकिटावर १-०-१ लिहितात. पण ते वाचणारे थोडे. म्हणून सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. सूर्याला सहा किरणं, कमी नाही, जास्त नाही. जेवणाआधी असेल तर बाजूला रिकामं ताट, जेवणानंतर असेल तर ताटावर भाताचा ढीग. बावीस वर्षांच्या सरावाने एक पाकीट दहा सेकंदांत होतं.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलोय. वहीत दोन रकाने पाडले: मिनिटं आणि रुपये.

९.५०

लामगावचे एक काका. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहिली आहे. पोऱ्याने काढून ठेवली. बाईंनी विचारलं, ‘घरात आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ काकांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातून मिळालेल्या गोळ्या. नाव वेगळं, पट्टीचा रंग वेगळा. बाईंनी चष्मा कपाळावर नेऊन पट्टीवरची बारीक अक्षरं वाचली. टेल्मिसार्टन ४०. डॉक्टरांनी लिहिलेलं पण टेल्मिसार्टन ४०.

‘उठताना चक्कर येते?’

‘गेले दोन दिवस. उन्हाने असेल.’

जानेवारीत कसलं ऊन! दोन दिवसांपूर्वीच त्यांनी दुसरीकडून जुन्या चिठ्ठीवर याच गोळीची पट्टी आणली होती, आणि दोन्ही घेत होते. चिठ्ठी घेऊन बाई मागच्या दारातून आत गेल्या, मिनिटभराने बाहेर आल्या. नव्या चिठ्ठीवर काट. फुकट मिळतात त्याच चालू ठेवायच्या, रोज एकच. काका खूश होऊन गेले. विक्री गेली. मी वहीत लिहिलं: ६ मिनिटं, ० रुपये. मालकाला हा रकाना दाखवायचा नाही, असं बाई हसत म्हणाल्या. पूर्ण हसत नव्हत्या.

१०.२५

साळच्या बाजूची एक म्हातारी. टोपली बाहेर शेजारणीच्या हवाली करून आली आहे. कनवटीची गाठ सोडून तिने घडी केलेलं खाकी पाकीट काढलं. आत रिकामी पट्टी.

‘बाय, ह्यो गोळयो सोंपल्यो. आनीक दी.’

पोऱ्या पट्टी घेऊन खणाकडे वळला होता. बाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅम. संगणकावर मागचं बिल उघडलं. गेल्या बुधवारी चार गोळ्या, ३० रुपये. चार गोळ्या म्हणजे चार आठवडे.

बाईंचा आवाज चढला नाही. उलट खाली आला. ‘मावशी, रोज घेतलीस?’

‘रोज. सकाळची. आयतारा सोंपली.’

संधिवातावर ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. मोठ्या मात्रेत हेच औषध कर्करोगावर चालतं. रोज पोटात गेलं तर हाडांच्या आतला मगज रक्तपेशी बनवायचं थांबवू शकतो, तोंड सोलतं, आणि जगभरात माणसं यात दगावली आहेत. बहुतेक ठिकाणी गोष्ट हीच असते: आठवड्याची गोळी कुणीतरी रोजची समजलं.

‘तोंड उघड.’ जिभेच्या कडेला एक लाल फोड.

बाईंनी पाकीट उलगडून काउंटरवर सपाट केलं. त्यांचंच अक्षर. ‘आठवड्यातून १. फक्त बुधवार.’ खाली दोन रेघा. आणि शेजारी, सवयीने काढलेला, सहा किरणांचा सूर्य.

म्हातारीला वाचता येत नाही. तिने सूर्यावर बोट ठेवलं. ‘हें पळय मगो. सकाळची.’

बाई पाकिटाकडे बघत राहिल्या. काउंटरवर पाच जण ताटकळत होते. एकाने नाणं काचेवर वाजवलं. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

मग म्हातारीच्या दंडाला धरून मागच्या दाराने आत. डॉक्टरांनी तपासणीवरच्या माणसाला थांबायला सांगितलं. गोळी बंद. रक्ताच्या पेशी, लिव्हर, क्रिएटिनिन, सगळं आजच तपासायचं. ताप आला किंवा तोंड आणखी आलं तर वाट बघायची नाही, सरळ बांबोळी. म्हातारीची अडचण वेगळीच होती: भाजी अजून निम्मी शिल्लक. लॅब तीन दुकानं सोडून आहे. पोऱ्या तिला घेऊन गेला, आणि जाताना शेजारणीला सांगून आला की जुड्या विकायचं तेवढं त्यांनी बघावं. लॅबवाल्याने पैसे संध्याकाळी चालतील म्हटलं.

१४ मिनिटं. ० रुपये. ते ३० रुपयांचं जुनं बिल धरलं तरी सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधावर दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के. म्हणजे चार रुपयांच्या आतबाहेर.

१०.५०

चहा. १५ रुपये. बाईंनी घोटभर घेतला, बाकीचा निवला.

११.३०

बाजार भरात. काउंटरवर तीन रांगा, एकही सरळ नाही. मुळगाव, मेणकुरे, नार्वे, काही दोडामार्गकडून आलेले.

‘अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या द्या.’ पाकिटावर उभी लाल रेघ. चिठ्ठी नाही, तर गोळी नाही. माणूस चिडून गेला. दुसरीकडे मिळेल म्हणाला. मिळेलही.

थायरॉइडची बाटली नेणारी मुलगी सोबत कॅल्शियमही नेतेय. ‘दोन्ही एकदम घेतेस? नको. ही उपाशीपोटी उठल्या उठल्या. कॅल्शियम चार तासांनी, जेवणाबरोबर चालेल.’ मुलगी वर्षभर दोन्ही एकदम घेत होती. गोळी वाढवूनही फरक का पडत नाही, असं विचारायलाच ती आज आली होती. दीड मिनिट.

एकादशीचा उपास करणारी, साखरेची गोळी मात्र न चुकता घेणारी एक. तिला तर दर महिन्याला सांगावं लागतं.

मध्येच जाडजूड रजिस्टर. शेड्यूल एच-१. २०१४ च्या मार्चपासून आलेली ही नोंद: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती गोळ्या. तीन वर्षं जपून ठेवायची. क्षयरोगाची औषधं, झोपेच्या काही गोळ्या, वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स यात येतात. उभ्याने, उजव्या हाताने लिहिता लिहिता डाव्या हाताने सुटे पैसे.

१२.४०

स्टॉकिस्टचा माणूस खोके टाकून गेला. त्यानंतर भांडण, पण उलट्या जातीचं. एका गृहस्थांना पट्टीवर छापलेल्या किमतीपेक्षा बिल कमी दिसतंय. माल जुना आहे का, नकली आहे का? बाईंनी सांगितलं, २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, पट्टी त्याआधी छापलेली आहे. गृहस्थांचं समाधान झालं नाही. जाता जाता त्यांनी विचारलं, ऑनलाइनवर २० टक्के सूट मिळते, तुम्ही किती देता?

१.१५

शटर खाली. साडेतीनपर्यंत डिचोली झोपते, आणि बरं करते. बाजाराच्या दिवशी बाई घरी जात नाहीत. आतल्या बाकावर डबा उघडतात: भात, हुमण, तळलेला बांगडा. खुर्चीवर पाय. घोटे सुजलेले.

फोनवर वर्गमैत्रिणीचा आवाज. ती पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेली. तिथे पुन्हा वर्षभर शिकली, वर्षभर उमेदवारी केली, परीक्षा दिली. आता एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ‘क्लिनिकल फार्मसिस्ट’ आहे. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१५ मध्ये हा प्रयोग सुरू केला. दवाखान्यातच फार्मसिस्ट बसवायचा, त्याने विकायचं काही नाही. दहा-दहा गोळ्या घेणारे म्हातारे वेळ ठरवून येतात, ही त्यांच्या गोळ्या तपासते: कुठली दोनदा आहे, कुठली किडनीला झेपणार नाही, कुठली आता लागतच नाही.

म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला इथे लामगावच्या काकांबाबत जे चाललं होतं, तेच. आपल्याकडेही २००८ पासून फार्म.डी.चा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि २०१५ च्याच जानेवारीत आलेल्या नियमांत रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मसिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. बिलाच्या संगणकात त्याला रकाना नाही, एवढंच.

मैत्रिणीचा हेवा वाटतो का, असं मी विचारलं. बाई काटे काढत होत्या. ‘तिला बसायला मिळतं,’ म्हणाल्या.

४.५५

अडवलपालचे एक जण. वीस वर्षं खाणीवरच्या ट्रकवर. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्यांचा ट्रक कर्जात गेला, खोकला राहिला. आता ट्रक परत धावतात, चालवणारे दुसरे. दम्याच्या पंपाने काहीच होत नाही, अशी त्यांची तक्रार.

‘घेऊन दाखवा.’

त्यांनी पंप तोंडापाशी धरला, दाबला आणि मग श्वास घेतला. धुराचा ढग काउंटरवर. औषध गेलं हवेत.

बाईंनी पंप हलवायला लावला. आधी श्वास पूर्ण सोडा. ओठ घट्ट मिटा. हळू आत घेता घेता दाबा. आता दहापर्यंत श्वास धरा. पहिल्यांदा चारलाच सुटला. दुसऱ्यांदा सात. मग प्लॅस्टिकची स्पेसर नळी जोडून. ‘आणि नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते.’ शेजारी उभं असलेलं शाळकरी पोर दहापर्यंत मोठ्याने मोजत होतं.

९ मिनिटं. स्पेसर विकला गेला, म्हणून रुपयांचा रकाना आज पहिल्यांदा मिनिटांच्या जवळपास आला.

७.४०

लॅबचा कागद. पोऱ्याने धावत आणला. पांढऱ्या पेशी ५,८००. प्लेटलेट ठीक. क्रिएटिनिन ठीक. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, पेशी उशिरानेही पडतात. शनिवारी पुन्हा. तोवर गोळी नाहीच. सगळं नीट निघालं तर बांबोळीच्या डॉक्टरांशी बोलून सुरू करायचं का ते ठरवू.

म्हातारी शेवटच्या बसआधी हिशेब घेऊन दारात उभी होती. भाजी सगळी खपली. लॅबचे पैसे तिने चिल्लर मोजून दिले, नव्वद कमी पडले, ते शनिवारी.

‘मावशी, पुढे ही गोळी सुरू झाली, तर घरी न्यायची नाही. दर बुधवारी बाजाराला येतेस ना? इथे यायचं. एक गोळी, इथेच पाणी.’

‘आनी चवथीक येवपाक ना जालें जाल्यार?’

‘मी फोन करीन सुनेला.’

८.२०

गल्ला मोजला. फ्रिजचं तापमान: ६. एच-१ रजिस्टरात आज सात नोंदी. पोऱ्या शटरचा आकडा हातात घेऊन उभा.

बाईंनी एक कोरं पाकीट ओढलं. सुनेचा नंबर लिहिला. ‘बुधवार’ लिहिलं. मार्कर सूर्याच्या जागेवर गेला आणि थांबला. मग त्यांनी एक अर्धगोल काढला, त्यात आडव्या-उभ्या रेघा, वर पानं. बाजाराची टोपली.

पोऱ्याने मान वाकडी करून बघितलं.

‘मडकं वाटतंय, बाय.’

बाईंनी दुसरं पाकीट घेतलं.